आमच्या प्लॅनमधली राजनंदिनी

आमच्या घरात माणसं तीन. मी, आमचे मालक हौशीराम आणि दौंडला कॉलेजात शिकणारी आमची करिश्मा. हे रेशनकार्डाला माहीत आहे, न्हावऱ्याच्या पोस्टमनला माहीत आहे आणि दारातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. पण त्या दिवशी सकाळचं दूध घेऊन झाल्यावर मी डेअरीतल्या खुर्चीवर बसून मोबाइलमधला जीमेलचा फॅमिली ग्रुप उघडला, तर तिथं नावं चार होती. चौथं नाव राजनंदिनी.

मी चष्मा पुसून परत बघितलं. नाव होतं तिथंच होतं.

नुसतं नाव असतं तर म्हटलं असतं, काहीतरी गडबड झाली असेल. पण प्रत्येक नावापुढं त्यानं किती जागा खाल्ली तेही लिहिलेलं असतं. माझी थोडी, मालकांची माझ्याहून जरा जास्त, करिश्माची त्याहून जास्त. आणि या बाईची आमच्या तिघांच्या मिळून दुप्पट. प्लॅन माझ्या नावावर, आणि भरल्या ताटावर बसलीय ही.

जागेची भानगड आधी सांगते. मी इथल्या दूध संकलन केंद्रावर कॉम्प्युटर सांभाळते. दुधाचं फॅट लावायचं, पावती काढायची, संध्याकाळी सगळं वर मेल करायचं. त्यामुळं गावात कुणाचं जीमेल अडलं की माणूस माझ्याकडं येतो. आणि अडतं सगळ्यांचंच, कारण आमच्याकडची रीतच तशी आहे. नवीन फोन घेतला की दुकानदार पप्पू तिथल्या तिथं नवीन खातं उघडून देतो. जुनं खातं कुणाला आठवत नाही, पासवर्ड तर पप्पूलाही आठवत नाही. एकाच माणसाच्या एका खात्यात लग्नाचे फोटो, दुसऱ्यात कांदा विकल्याच्या हिशेबपट्ट्या, तिसऱ्यात नुसते सुप्रभात. आमच्या मालकांना फोन पाण्यात पाडायची सवय. त्यांची खाती त्यांच्या गाईंपेक्षा जास्त झाली होती.

दिवाळीच्या आधी माझंच मेल गळ्यापर्यंत भरलं. दूध तपासणीचा रिपोर्ट आला तसा परत गेला आणि चेअरमननी चार लोकांत मला बोल लावला. तेव्हा दिवाळीला आलेल्या करिश्माला मी म्हटलं, बाई, आता एकदाच काय तो निकाल लाव. तिनं माझा फोन घेऊन पैसे भरून जास्त जागा मिळते तो प्लॅन काढला, बापाची सगळी खाती धुंडाळून कामाचं तेवढं एका खात्यात आणलं, आणि ग्रुप केला. एक प्लॅन, घरातल्या सगळ्यांना जागा. ग्रुपची मुख्य मी. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर काढायचं, ते फक्त माझ्या फोनवरून होणार.

म्हणजे राजनंदिनीला घरात यायचं आमंत्रण माझ्याच फोनवरून गेलं होतं.

माझा फोन घरी कोण हातात घेतं? मी भाकरी थापत असताना मालकच घेतात. बातम्या बघतो म्हणतात. मी मान खाली घालून थापते आणि ते बातम्या बघतात. माझ्या डोक्यात लख्ख झालं.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. माझं नावच नकुशी. तीन मुलींवर झालेली चौथी. ज्या पोरीला बारशाच्या दिवशीच कळलं की आपण कुणाला नको होतो, ती पुढं कुणाच्या गोड बोलण्यावर कशाला विश्वास ठेवेल? माझ्या पाठीवर मात्र भाऊ झाला. त्याला कुणाची नजर लागू नये म्हणून त्याचं नाव ठेवलं दगडोबा. दगडाला काय व्हतंय, असं आई म्हणायची.

दगडाला झालं. आमच्या भागात यात्रेला बैलगाडे पळतात. चार बैल चढाच्या धावपट्टीवर, म्हणजे घाटात, गाडा घेऊन सुटतात आणि त्यांच्या पुढं घोडी पळते. घोडी बघून बैलांना जोर चढतो. त्या घोडीवर बसायचं काम माझ्या भावाचं. केंदूरचा दगडोबा घोडीवर आहे म्हटलं की माणसं झाडावर चढून बघायची. एका यात्रेला गाडा होता आमच्या मालकांचा आणि घोडीवर होता दगडोबा. गाडा जिंकला. घाट संपल्यावर, सगळे फेटे उडवत असताना, घोडीचा पाय चुकला म्हणे आणि मागून येणारे बैल त्याच्या अंगावरून गेले. कंबरेखालचा दगडोबा तेव्हाच गेला. उरलेला केंदूरला खाटेवर आहे. बायको ताईबाई त्याचं सगळं करते. मी महिन्यातून एकदा जाते, तो भिंतीकडं तोंड करून पडलेला असतो. मी दोन घास भरवते आणि परत येते.

तेव्हा मी मालकांकडून शपथ घेतली होती. करिश्मा लहान होती. तिला पुढ्यात उभी केली, त्यांचा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, म्हणा, परत घाटात पाय ठेवणार नाही. ते रडत रडत म्हणाले. गाडा मोडला, बैल विकले. पुढं शर्यतींवर बंदी आली, बंदी उठली, गावोगाव परत गुलाल उडाला. आमचे मालक त्या दिशेला थुंकायलासुद्धा गेले नाहीत. नावात हौस असलेला माणूस नुसत्या गाईंच्या शेणात सुखानं राहिला, याचंच मला कधीकधी नवल वाटायचं.

आता नवल फिटलं. हौस गेली नव्हती, तिनं गाव बदललं होतं.

मग मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले, आणि बघायला लागलं की दिसतंच. हा माणूस दर आठवड्याला दौंडकडं जातो. पेंड आणायला, म्हणतो. पेंड शिरूरला मिळत नाही काय? येतो तो थेट मोरीत जातो आणि अंगातले कपडे स्वतः धुतो. ज्यानं लग्नापासून हातरुमाल धुतला नाही, तो पँट धुतोय! एकदा खुंटीवरच्या त्यांच्या सदऱ्याला मुंग्यांची ओळ लागलेली. खिशात बघितलं तर गुळाचा खडा. साखरेचा आजार असलेला माणूस, चहासुद्धा फिक्का पितो. मग हा गूळ कुणाच्या तोंडात घालायला?

"गूळ कशाला वो खिशात?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"गाईसाठी," ते म्हणाले.

"आपल्या गाई गोठ्यात हायती. खिशात न्हाईत."

त्यांनी पायात चप्पल सरकवली. "कुणाला काय बी संशय येतो," असं उंबऱ्याला म्हणाले आणि गेले.

मी भांडले नाही. भांडण केलं की चोर सावध होतो. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे मला माहीत होतं आणि राजनंदिनीचं नाक माझ्या मोबाइलमध्ये होतं. डेअरीवर बसून मी तिच्या नावावर बोट ठेवलं. ग्रुपमधून काढायचं का, असं मोबाइलनं विचारलं. मी म्हटलं, काढा. गेली. आता तिला फुकटात मिळते तेवढीच जागा उरली, आणि तिचा पसारा त्याच्या कितीतरी पट. नवीन काही चढणार नाही, मेल आत येणार नाही. खात्री करायला मी तिच्या पत्त्यावर एका ओळीचं मेल टाकलं, तू कोण गं? ते लगेच परत आलं. समोरच्याचं खातं भरलेलं आहे म्हणे. म्हटलं, भरणारच.

आता ती रडत मालकांकडं जाईल, मालक तोंड पाडून बसतील आणि मी धरीन. संध्याकाळी मी मुद्दाम भाजीत मीठ जास्त घातलं, माणूस बेचैन आहे का बघायला. ते ताक मागून जेवले आणि घोरले. दुसऱ्या दिवशीही तेच. मला कळेना. एकतर हा माणूस फार पोचलेला होता, नाहीतर त्याला खरंच काही माहीत नव्हतं.

तोंड उघडलं, पण भलत्याचंच. तिसऱ्या दिवशी करिश्माचा फोन आला.

"मम्मी, तू प्लॅनमधी कायतरी केलंस का गं?"

माझा हात कीबोर्डवरच राहिला. "का बरं?"

"न्हाई, आसंच. माझी एक मैत्रीण हाय, राजनंदिनी. तिच्या प्रोजेक्टचे व्हिडिओ व्हते. तिला जागा न्हवती म्हणून मीच तिला आपल्यात घेतली व्हती, दिवाळीत. तुला सांगायचं ऱ्हायलं."

"मंग आता सांग. कुठली राजनंदिनी? आडनाव काय? बाप काय करतो?"

"मम्मी, लेक्चर सुरू झालं," म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हा दुपारची सुट्टी होती. तिचं वेळापत्रक माझ्या मोबाइलमध्ये आहे.

खरं सांगते, मालकांवरच्या संशयानं मला राग येत होता, पण झोप लागत होती. आता झोप उडाली. जगात एकाच माणसावर माझा विश्वास, आणि तीच माझ्याशी खोटं बोलली होती. मुलीच्या नावानं खातं काढून एखादा टवाळ पोरीचे व्हिडिओ गोळा करून बसला असेल आणि तिला धमकावत असेल, तर? असलं रोज ऐकतो आपण. मालकांना काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेंड आणायला गेले. डेअरीवर सुट्टी टाकली, न्हावऱ्यातून चौफुल्याची एसटी धरली आणि तिथून दौंड गाठलं.

करिश्माच्या खोलीवर दोन पोरी मॅगी करत बसल्या होत्या. मला बघून उभ्या राहिल्या.

"करिश्मा कुठं हाय?"

"काकू, ती... लायब्ररीत."

"आन् राजनंदिनी?"

दोघी एकमेकींकडं बघून फिसकन हसल्या. मग माझं तोंड बघून हसू गिळलं. "ती भांडगावला असती, काकू," एक म्हणाली. "करिश्मा पण तिकडंच गेलीय. तात्याबा काकांकडं."

तात्याबा म्हणजे आमच्या मालकांचा मामेभाऊ. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते माझ्या सासरच्याच रानात मुरत होतं. मी आल्या पावली स्टँडवर गेले.

भांडगावला हायवेवर उतरून मी तात्याबाच्या वस्तीकडं चालत गेले. घरात कुणी नव्हतं. मागच्या पडीक रानातून ओरडा ऐकू आला. बांधावर चढले आणि आधी दिसले ते आमचे मालक. पेंड आणायला गेलेला माणूस मोबाइल दोन्ही हातांत धरून उभा होता. त्यांच्यापुढून एक तांबडी घोडी सुसाट गेली, मागच्या एका पायात पांढरा मोजा घातल्यासारखी. तिच्यावर ओढणी कंबरेला बांधलेली माझी पोरगी.

"राजनंदिनी, हो... हो!" तात्याबा ओरडला.

पुरुषाच्या भानगडीत बाई निघते, पोरीच्या भानगडीत पोरगा निघतो. मी दोन्हीची तयारी करून आले होते. घोडीची तयारी माझी नव्हती.  बाई निघाली असती तर तिच्या झिंज्या धरल्या असत्या, पोरगा निघाला असता तर पोलिसात गेले असते. हिचं काय करू?

करिश्मानं मला बघितलं आणि घोडी वळवून आणली. खाली उतरली. मालकांचा रंग उडाला होता.

"शपथ मोडली न्हाई म्या," ते आधीच म्हणाले. "घाटात पाय ठेवला न्हाई. हे रान हाय, घाट न्हाई."

"शपथ कुणाच्या डोक्यावर हात ठिवून घेतली व्हती?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तीच घोडीवर बसलीय! माझा भाऊ खाटेवर घातलात, आता पोर घालताय?"

"नकुशे, ऐक तरी..."

"इका ही घोडी. आज इका. आन् तू," मी करिश्माचं मनगट धरलं, "सामान भर. कॉलेज बंद. गोठा झाडायला चल घरी."

तात्याबा घोडी घेऊन बाजूला झाला. मालक म्हणाले, "इकतो." इतकंच म्हणाले, आणि मला त्याचाही राग आला. करिश्मानं मात्र मनगट सोडवलं नाही, दुसऱ्या हातानं खिशातून मोबाइल काढला.

"वरड, पण आधी बघ," ती म्हणाली. "तू राजनंदिनीला काढलंस ना? त्या खात्यात आमचे व्हिडिओ थोडे हायती. जास्त कुणाचे हायती ते बघ."

तिनं खातं उघडलं. घोडीचे व्हिडिओ होते, आणि त्यांच्यामध्ये सारखी एक खोली येत होती. निळी भिंत, गजाची खिडकी. ती खोली मी ओळखते. महिन्यातून एकदा मी तिथं बसते. तिनं एकावर बोट ठेवलं.

दगडोबा बसला होता.

पाठ भिंतीला, छातीवरून चादर फिरवून खिडकीच्या गजाला बांधलेली. मांडीत उशी. गजाला नायलॉनची दोरी अडकवून ती लगामासारखी हातात धरलेली. केसांना तेल, दाढी केलेली. माझा भाऊ, जो पडल्यापासून डॉक्टरनं सांगून, बायकोनं रडून, मी पाया पडूनही कधी उठून बसला नाही, तो ताठ बसून कॅमेऱ्याकडं बघत होता.

"करिश्मे, हात जड पडतोय तुझा," तो म्हणत होता. "मांडीनं सांग तिला, हातानं न्हाई. हे बघ आसं. सकाळचा व्हिडिओ म्या धा येळा बघितला. शेवटाला घाबरतीस तू. परत पाठव."

व्हॉट्सअपवर पाठवला तर चित्र पुसट होतं, घोडीचा खूर कुठं पडतो ते मामाला दिसत नाही, असं करिश्मा म्हणाली. म्हणून चांगला, मोठा व्हिडिओ चढवायचा. मामा तिथं बघतो आणि त्याच खात्यात आपला व्हिडिओ चढवतो. ताईबाई मोबाइल धरते. हे खातं करिश्माच्या आणि मामाच्या फोनवर. पप्पांना फक्त व्हिडिओ काढता येतो, पुढचं काही माहीत नाही. नाव घोडीचं दिलं, कारण मामाच म्हणाला, तिच्यासाठी हाय ना, मग तिच्याच नावानं काढ.

"मामानंच इचारलं व्हतं आधी, पप्पांनी घोडी इकत घेतली ती मागनं," ती म्हणाली. "मी सुट्टीत केंदूरला गेले तवा. म्हणला, तात्याबाकडं घोडी हाय म्हणतात, बसून बघतीस का? यात्रेला गाड्यापुढं पळवशील का? पडल्यापासून त्यानं काय मागितलंय का गं कुणाला?"

मी तिचं मनगट सोडलं. पुढचा व्हिडिओ बघितला नाही.  मी तशीच हायवेला आले. मालक मागून पळत आले, "गाडीवर सोडतो" म्हणाले, मी त्यांच्याकडं बघितलं आणि ते तिथंच थांबले.

चौफुल्याहून एसटी सुटली आणि फोन वाजला. दगडोबा. मी फोन करते तेव्हा ताईबाईच उचलते. त्यानं आपणहून केलेला फोन मला आठवत नव्हता.

"आक्के, तू ते खात्याचं बघतीस ना लोकांचं?"

"बघते."

"माझं एक बंद पडलंय गं. भजनाचे व्हिडिओ टाकतो मी कवाकवा. तीन दिस झाले, चढतच न्हाईत. जागा संपली म्हणतंय." आवाजात घाई होती, लाज होती. "लई गरज न्हाई. पन बघ, झालं तर."

मी त्याचं नाक दाबलं होतं. सगळ्या घराला सोडून, बरोबर त्याचं.

"कुठल्या नावानं हाय खातं?" मी विचारलं. मला विचारायलाच नको होतं, पण माझा स्वभाव.

 तो हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ दी. ऱ्हाऊ दी आक्के," आणि फोन ठेवला.

एसटीतल्या माणसांसमोर मला रडू कोसळलं. राग गेला नव्हता. रागासकट रडू आलं. रडत रडत मी ग्रुप उघडला, राजनंदिनीचा पत्ता घातला आणि आमंत्रण पाठवलं. गाडी न्हावऱ्यात शिरायच्या आत तिनं ते स्वीकारलं होतं.

घरी मी मालकांशी बोलले नाही. घोडी विकायचं त्यांनी दोनदा विचारलं, मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. रविवारी सकाळचं दूध आटोपून शिरूर गाठलं, तिथून शिक्रापूर आणि मग केंदूर.

ताईबाई अंगणात कांद्याची पात निवडत होती. मला बघून तिचा विळा थांबला आणि ती आतल्या बाजूला जरा मोठ्यानंच म्हणाली, "वन्सं आल्या वो." मी आत गेले. दगडोबा भिंतीकडं तोंड करून पडलेला. पण दाढी कालची केलेली, आणि खिडकीच्या गजाला नायलॉनची दोरी तशीच लोंबत होती. इतके दिवस मला ती दोरी कपडे वाळत घालायची वाटायची. संशयी म्हणवते स्वतःला!

मी डबा खाली ठेवला. दर वेळेसारखा घास केला नाही.

"ऊठ," मी म्हटलं. "बस."

त्याची पाठ हलली नाही.

"दगडू, मी बघितलंय. बस."

तो हातांवर जोर देऊन वळला. ताईबाई आत आली, सवयीच्या हातानं तिनं त्याला भिंतीला टेकवलं आणि चादर गजाला बांधली. मी समोर बसून बघत राहिले. व्हिडिओत बघणं वेगळं. बसल्यावर तो आमच्या वडिलांसारखा दिसतो.

"माझ्यापुढं पडून का ऱ्हायचास रं?" मी विचारलं. "इतक्या वेळा आले मी. माझ्या हातचे घास खाल्लेस पडून."

"बसलो आसतो तर तू इचारलं आसतंस, कशापायी बसला?" तो म्हणाला. "तुझ्यापुढं खोटं टिकत न्हाई, आक्के. पडलेल्या माणसाला कुणी काय इचारत न्हाई."

हे ऐकून मला काय वाटलं ते मी ताईबाईलाही सांगितलं नाही. मी पदरानं डोळे पुसले आणि जे विचारायला आले होते ते विचारलं.

"ती पडंल का?"

तो खोटं बोलला असता तर मी घोडी विकायला लावली असती. दोरी हातात गुंडाळत तो म्हणाला, "पडू शकती. घोडी हाय ती. पन मी कसा पडलो ते तुला कुणी सांगितलं न्हाई. घाट संपला, गुलाल उडाला आन् म्या घोडी थांबवली. सगळे थांबवायचे, म्या बी थांबवली. तिथं थांबवायची नसती. डाव्या अंगाला वळवून बैलांना मोकळी वाट द्यायची असती. मला कुणी शिकवलं न्हाई. खाटेवर पडून पडून माझं मला कळलं." त्यानं दोरी डावीकडं ओढून दाखवली. उशी मांडीत फिरली. "पोरीला दुसरं काय शिकवीत न्हाई मी. ते सगळे व्हिडिओ त्या एका वळणाचे हायती. शंभर येळा वळली तरी मी म्हणतो, परत."

आमच्या तिघांची मिळून दुप्पट जागा. डेअरीत बसून मी ज्याच्यावर बोट ठेवून काढा म्हटलं, ते सगळं माझ्या पोरीला त्या जागेवरून जिवंत वळवण्यासाठी होतं.

"आन् तू न्हाई म्हणलीस तर न्हाई," तो म्हणाला. "तात्याबाला मी सांगतो. यात्रेला अजून येळ हाय."

मला करिश्मा घाटात नको आहे. तेव्हाही नको होती, आजही नको आहे, आणि यात्रेच्या दिवशी घाट संपतो तिथं मी उभी असेन तेव्हाही मी देवाला हेच सांगणार आहे. पण ती बसणार असेल तर तिला ते वळण आलं पाहिजे, आणि ते शिकवायला जगात एकच माणूस आहे.

"परवा अडकलेला व्हिडिओ तिला गेला का?" मी विचारलं.

"गेला. जागा आली परत. कशी आली काय म्हाईत." तो माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसला. "पन हलतोय. ताईबाईचा हात थरथरतो. वळण नीट दिसंना."

 खिडकीतला मोबाइल मी उचलला आणि खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसले.

"बस ताठ," मी म्हटलं. "हां, आता दाखव."

त्यानं दोरी हातात घेतली. मोबाइल हलू नये म्हणून मी दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं.